आधी पाहणी, मग यंत्र

वसई-विरार परिसरात हृदयविकाराच्या रुग्णाच्या घरी चौकशीला गेलेला मनुष्य अलीकडे ‘तब्येत कशी आहे’ असे विचारीत नाही. तो ‘पंपिंग किती आहे’ असे विचारतो. नालासोपाऱ्याच्या चाळींपासून आगाशीच्या वाड्यांपर्यंत हा शब्द आता सर्वांच्या तोंडी बसला आहे. उत्तरही ठरलेले असते. घरातील कोणीतरी दबलेल्या आवाजात ‘पंचवीस’ किंवा ‘तीस’ असे सांगते आणि ऐकणारा मान हलवितो. शंभरापैकी पंचाहत्तर भाग हृदय संपले, असा त्या आकड्याचा अर्थ दोघांनीही मनाशी लावलेला असतो. वस्तुतः तो अर्थ चुकीचा आहे. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यासरशी बाहेर फेकले जाते, एवढेच तो आकडा सांगतो. आणि निरोगी माणसाचाही आकडा शंभर नसून साधारणपणे पंचावन्न ते सत्तर या दरम्यान असतो.

हा आकडा ज्या तपासणीतून मिळतो त्या ‘टूडी इको’चा कागद प्रत्येक रुग्णाच्या पिशवीत असतो. काही घरांत त्या कागदापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. डॉक्टर सांगतात की औषधांनी भागत नाही, तीन तारांचा पेसमेकर बसवावा लागेल. मग काही लाख रुपयांची जुळवाजुळव सुरू होते. भविष्यनिर्वाह निधी, पतपेढीचे कर्ज, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले सोने, सरकारी योजनेचे कार्ड, धर्मादाय संस्थांकडे अर्ज, असे सारे मार्ग एका आठवड्यात धुंडाळले जातात. या धावपळीत एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. हे यंत्र या हृदयाला उपयोगी पडेल काय, आणि पडणार असेल तर त्याची तार हृदयाच्या नेमक्या कोणत्या जागी बसवावयाची, हे कोणी, कशाने आणि किती काळजीपूर्वक पाहिले आहे?

वसईच्या वाडीतील बागायतदार हा प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही. विहिरीवर पंप बसविण्यापूर्वी तो पाणी किती आहे, झरा कोणत्या बाजूला आहे, खाडीचे खारे पाणी कोठवर शिरले आहे, याचा अंदाज घेतो. पंप कितीही नामांकित कंपनीचा असला तरी चुकीच्या जागी सोडलेली नळी गाळच उपसणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. शेतीच्या पंपाविषयी जो विवेक आपण सहज दाखवितो, तो हृदयाच्या पंपाविषयी सार्वजनिक धोरणात दिसत नाही. आपल्या योजना यंत्राचे पैसे देतात. पाहणीला मात्र त्या किरकोळ खर्च समजतात.

कर्त्या वयातला आजार

हृदयाचा झटका आणि हृदयदौर्बल्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. झटका ही घटना आहे, तर हृदयदौर्बल्य ही अवस्था आहे. झटक्यातून वाचलेल्या माणसाच्या हृदयाचा काही भाग मृत होऊन तेथे व्रण राहतो, उरलेला भाग वर्षानुवर्षे जादा भार वाहतो आणि अखेरीस थकतो. काही रुग्णांत झटका आलेला नसताही स्नायू दुर्बळ होतात. मग चार पायऱ्या चढताच धाप लागते, पावले सुजतात, रात्री आडवे झोपता येत नाही.

या अवस्थेचे गांभीर्य आकड्यांनी स्पष्ट होते. केरळात २०१३ मध्ये करण्यात आलेल्या त्रिवेंद्रम नोंदणीत रुग्णालयात दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांचा मागोवा घेण्यात आला. त्यांचे सरासरी वय एकसष्टच्या आसपास होते आणि जवळजवळ एकतीस टक्के रुग्ण वर्षभरात दगावले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने ५३ रुग्णालयांतील १०,८५० रुग्णांची राष्ट्रीय नोंदणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत अवघ्या नव्वद दिवसांत चौदा टक्क्यांहून अधिक रुग्ण मरण पावल्याचे आढळले आणि सरासरी वय साठच होते. पाश्चात्त्य देशांतील नोंदण्यांमध्ये हे रुग्ण सामान्यतः दहा वर्षांनी वृद्ध असतात. सरासरी साठ याचा अर्थ पुष्कळसे रुग्ण पन्नाशीत किंवा त्याहून लहान वयात आहेत. म्हणजे आपल्याकडे हा आजार निवृत्तांचा नव्हे, तर कर्त्या माणसांचा आहे. त्याचा खर्च रुग्णालयाच्या बिलात संपत नाही. बुडालेल्या पगारात, मुलाच्या अर्धवट सुटलेल्या शिक्षणात आणि पत्नीने पत्करलेल्या घरकामाच्या नोकरीत तो पुढे चालू राहतो.

वल्ही एकसाथ पडावीत म्हणून

तीन तारांचा पेसमेकर नेमके काय करतो? हृदयाच्या स्नायूंना आकुंचनाचा हुकूम विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने मिळतो. हा प्रवाह उजव्या आणि डाव्या अशा दोन शाखांतून जातो. काही रुग्णांत डावी शाखा निकामी होते. मग उजवी बाजू आधी आकुंचन पावते आणि डावी भिंत उशिरा. अर्नाळ्याच्या होडीवर दोन्ही बाजूंची वल्ही एकसाथ पडली नाहीत, तर वल्हेकरी दमतात आणि होडी जागच्या जागी डोलते; तसाच हा प्रकार असतो. श्रम होतात, पण रक्त पुढे जात नाही. नव्या यंत्राची एक तार वरच्या उजव्या कप्प्यात, दुसरी खालच्या उजव्या कप्प्यात आणि तिसरी हृदयाच्या मागील बाजूच्या शिरेतून डाव्या भिंतीवर नेतात. दोन्ही बाजूंना एकाच वेळी इशारा मिळतो आणि वल्ही पुन्हा एकसाथ पडू लागतात.

ही कल्पना प्रथम फ्रान्समध्ये सर्ज काझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रत्यक्षात आणली. २००५ मध्ये युरोपातील ८१३ रुग्णांवरील ‘केअर-एचएफ’ चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या औषधांवर ठेवलेल्या गटात तीस टक्के, तर यंत्र बसविलेल्या गटात वीस टक्के मृत्यू झाले. वैद्यकात एवढा मोठा फरक क्वचितच दिसतो. तात्पर्य, हे यंत्र म्हणजे श्रीमंतांचे खूळ नव्हे. योग्य रुग्णाला त्याने आयुष्य मिळते आणि ते आयुष्य पुन्हा कामाला लागण्याइतके धड असते.

परंतु या यशाला जोडून एक खेदजनक वस्तुस्थितीही पहिल्यापासून नोंदली गेली आहे. ढोबळमानाने दर तीन रुग्णांपैकी एकाला या यंत्राचा अपेक्षित लाभ होत नाही. यंत्र चालू असते, बॅटरी संपत असते, पण धाप कमी होत नाही. असे का व्हावे? रुग्णाची निवड चुकणे हे एक कारण आहे. तिसऱ्या तारेची जागा चुकणे हे दुसरे.

क्ष-किरणांना न दिसणारे

पेसमेकर बसविण्याची क्रिया क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत केली जाते. त्या पडद्यावर बरगड्या दिसतात, तारा दिसतात, औषध सोडले की शिरांचे जाळेही दिसते. दिसत नाही तो प्रत्यक्ष स्नायू. कोणता भाग जिवंत आहे, कोणता व्रणाने कडक झाला आहे, कोणता सर्वांत उशिरा आकुंचन पावतो, यांविषयी क्ष-किरण मौन पाळतात. जुन्या झटक्याच्या व्रणावर तार टेकली, तर इशारा स्नायूपर्यंत नीट पोहोचतच नाही; ओसाड घराची कडी वाजविण्यासारखे ते होते. म्हणून तार जिवंत स्नायूवर आणि शक्यतो सर्वांत मागे राहणाऱ्या भागावर पडावी लागते. हे ठरविण्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी हृदयाचे चित्र घ्यावे लागते.

हे चित्र मिळविण्याचे मार्ग अनेक आहेत. सर्वांत स्वस्त आणि निरुपद्रवी मार्ग ध्वनिलहरींचा. १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर या हृदयतज्ज्ञाने आणि हेल्मुट हर्ट्झ या पदार्थवैज्ञानिकाने जहाजबांधणीच्या गोदीत धातूतील दोष शोधण्यासाठी वापरले जाणारे यंत्र उसने आणून हृदयाच्या हालचालींची पहिली नोंद घेतली. आजच्या टूडी इकोचे मूळ तेथे आहे. आजच्या सुधारलेल्या यंत्रात स्नायूवरील बारीक ठिपक्यांचा मागोवा घेऊन कोणता भाग केव्हा आकुंचन पावतो हे मोजता येते. दुसरा मार्ग एमआरआयचा. शिरेतून विशिष्ट औषध दिल्यावर त्यात व्रण पांढरा उमटतो. तिसरा सीटी स्कॅनचा. तार ज्या शिरेतून जावयाची ती शीर आहे कोठे आणि केवढी रुंद, हे त्यातून आधीच कळते.

अशा पाहणीने फरक पडतो काय? इंग्लंडमधील ‘टार्गेट’ चाचणीत २२० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटात इकोने जागा ठरवून तार बसविली, दुसऱ्यात नेहमीच्या पद्धतीने. सहा महिन्यांनी पाहता पहिल्या गटातील सत्तर टक्के रुग्णांचे फुगलेले हृदय ठरविलेल्या प्रमाणात आकसले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण पंचावन्न टक्के होते. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. डेन्मार्कमधील १८२ रुग्णांवरील चाचणीत इको, सीटी आणि किरणोत्सारी द्रव्याची तपासणी यांचा एकत्रित वापर करण्यात आला. तिच्या २०१६ मधील अहवालानुसार लाभ न झालेल्यांचे प्रमाण बेचाळीस टक्क्यांवरून सव्वीस टक्क्यांवर आले. या चाचण्या लहान आहेत, परदेशातील आहेत, आणि पाहणीमुळे मृत्यू कमी होतात हे त्यांनी निर्विवाद सिद्ध केले असे म्हणता येणार नाही. तथापि दोन्हींची दिशा एकच आहे.

एका यशाची किंमत

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे विचारावयाचा प्रश्न ‘यंत्राची किंमत किती’ हा नसून ‘एका यशस्वी रुग्णामागे खर्च किती’ हा आहे. हिशेबापुरते असे धरू की, यंत्र बसविण्याचा एकूण खर्च रुग्णामागे तीन लाख रुपये आहे. शंभर रुग्णांवर तीन कोटी खर्च होतील. पंचावन्न रुग्णांना लाभ झाला, तर एका यशाची किंमत सुमारे पाच लाख पंचेचाळीस हजार पडते. आता प्रत्येक रुग्णाच्या सखोल पाहणीवर आणखी वीस हजार खर्च केले असे समजा. एकूण खर्च तीन कोटी वीस लाख होईल, परंतु लाभ सत्तर जणांना होईल आणि एका यशाची किंमत सुमारे चार लाख सत्तावन्न हजारांवर येईल. इतकेच नव्हे, तर पाहणीचा खर्च रुग्णामागे ऐंशी हजारांपर्यंत गेला, तरी एका यशाची किंमत पूर्वीपेक्षा वाढत नाही. रकमा गृहीत धरलेल्या आहेत आणि प्रमाणे एका परदेशी चाचणीची आहेत. पण निष्कर्षाचा रोख त्यामुळे बदलत नाही. जेथे वस्तू महाग आणि माहिती तुलनेने स्वस्त असते, तेथे माहितीवर केलेली काटकसर ही उधळपट्टीच ठरते.

ही उधळपट्टी बाजार आपण होऊन थांबवील अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, वैद्यकसेवेचा बाजार भाजीच्या बाजारासारखा नसतो. ग्राहकाला वस्तूची पारख नसते. पारख करणारा आणि वस्तू पुरविणारा एकच असतो. यंत्र निरुपयोगी ठरले तर ते यंत्रामुळे, जागेमुळे की रोगामुळे, हे रुग्णाला कधीच कळत नाही. त्यामुळे वाईट कामाला बाजारात शिक्षा होत नाही आणि चांगल्या पाहणीला बक्षीस मिळत नाही.

किमतीवर नियंत्रण आणून हा प्रश्न सुटत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध मूल्य प्राधिकरणाने हृदयाच्या रक्तवाहिनीत बसविण्याच्या औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली. तो निर्णय स्वागतार्हच होता आणि हजारो कुटुंबांना त्याचा दिलासा मिळाला. परंतु स्टेंट स्वस्त झाल्याने तो कोणाला हवा आणि कोणाला नको, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. किंमत कायद्याने उतरविता येते. विवेक कायद्याने बसविता येत नाही. त्यासाठी वेगळी व्यवस्था उभारावी लागते.

फुकट यंत्राचा धडा

विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीच्या वाटेवरच याचे एक बोलके उदाहरण आहे. बांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना अमेरिकेतील मृत व्यक्तींच्या शरीरातून काढलेले, तेथील अंत्यविधी-संस्थांनी दान केलेले पेसमेकर निर्जंतुक करून बसविण्यात आले. त्याचप्रमाणे मुंबईत ८१ रुग्णांना एकूण १०६ वापरलेली झटका-यंत्रे बसविल्याचा वृत्तान्त २०१२ मध्ये अमेरिकेतील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या रुग्णांत यंत्रामुळे जंतुसंसर्ग झाल्याचे आढळले नाही. पुढे २०२० मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी लॅटिन अमेरिकेतील १,०५१ रुग्णांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. वापरलेल्या यंत्रांत संसर्गाचे प्रमाण दोन टक्के, नव्या यंत्रांत सव्वा टक्क्याच्या आसपास, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर नगण्य, असे त्यात दिसले.

दूरदेशीच्या मृताचे यंत्र मुंबईतल्या गरिबाच्या छातीत चालू राहते, ही घटना हृदयस्पर्शी आहे. अर्थशास्त्रीय दृष्टीने तिचा बोध असा की, यंत्राची किंमत शून्यावर आणता येते. आणता न येण्यासारखे जे उरते ते म्हणजे डॉक्टरचे कौशल्य, शस्त्रक्रियेची खोली आणि निदानाचा अचूकपणा. दानात मिळालेले यंत्र चुकीच्या रुग्णाला किंवा चुकीच्या जागी बसविले, तर ते फुकट नसते. ते दुसऱ्या रुग्णाच्या वाट्याचे असते.

चित्रावरही आंधळा विश्वास नको

येथवरच्या विवेचनातून, अधिक यंत्रे आणा आणि अधिक चित्रे काढा, असा अर्थ कोणी काढला तर तो चुकीचा होईल. या विषयाच्या इतिहासातच त्याविरुद्ध इशारा आहे. २००८ मधील ‘प्रॉस्पेक्ट’ अभ्यासात ५३ केंद्रांतील इकोच्या बारा मोजमापांची परीक्षा झाली. त्यांपैकी एकही मोजमाप, यंत्राचा लाभ कोणाला होईल हे एकट्याने सांगू शकले नाही. तेच चित्र दोन तज्ज्ञांनी वेगळे वाचले, असेही आढळले. त्याहून गंभीर इशारा २०१३ मधील ‘इको-सीआरटी’ चाचणीने दिला. ज्यांचा ईसीजी अरुंद होता, पण इकोत हृदयाचा ताल बिघडलेला दिसत होता, अशा ८०९ रुग्णांना हे यंत्र बसविण्यात आले. निम्म्यांत डावी तार चालू ठेवली, निम्म्यांत बंद. चालू असलेल्या गटात ४५ मृत्यू झाले, बंद असलेल्या गटात २६. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

याचा बोध सरळ आहे. रुग्णाची निवड प्रथम ईसीजीच्या साध्या कागदावर होते. डाव्या शाखेचा अडथळा आहे की नाही, आणि एका ठोक्याची विद्युत्‌लहर पसरण्यास एका सेकंदाचे दीडशे सहस्रांश किंवा अधिक वेळ लागतो की काय, हे तेथे दिसते. त्यानंतर इकोने ‘पंपिंग’ पस्तीस किंवा त्याहून कमी आहे याची खात्री होते. मग किमान तीन महिने योग्य औषधे पुरेशा मात्रेत देऊन पुन्हा इको करावयाचा असतो. कारण काही हृदये औषधांनीच सावरतात आणि त्यांना यंत्राची गरजच उरत नाही. यातून जे उरतील त्यांच्यासाठी व्रणाची आणि शिरेची पाहणी. या क्रमातील एकही पायरी गाळता येत नाही आणि उलटविताही येत नाही.

तंत्र मध्यंतरी पुढेही सरकले आहे. चीनमधील डॉक्टरांनी २०१७ मध्ये हृदयाच्या पडद्यातून तार खोलवर नेऊन थेट डाव्या शाखेलाच चेतना देण्याची पद्धत मांडली. तीत पुष्कळदा साध्या दोन तारांच्या पेसमेकरवर भागते आणि खर्च उतरतो. भारतातही ती आता वापरात आहे. परंतु तेथेही पडद्याची जाडी आणि त्यातील व्रण आधी पाहावाच लागतो. यंत्र स्वस्त झाले, तरी पाहणीची गरज संपत नाही.

वसई-विरारने काय करावे

चार नगरपालिका आणि पन्नासहून अधिक ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. एवढ्या मोठ्या वस्तीचा हृदयरुग्ण आजही मोठ्या उपचारासाठी परळच्या के. ई. एम. किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाकडे पाहतो. सुमारे साठ किलोमीटरचा लोकलचा प्रवास धडधाकट माणसालाही थकवितो. चार पायऱ्यांवर धाप लागणाऱ्या रुग्णाने तो गर्दीच्या वेळी करावयाचा, आणि तोही केवळ एका इकोच्या तारखेसाठी, हा क्रूरपणा आहे. डहाणू किंवा जव्हारहून येणाऱ्याची कथा त्याहून कष्टाची. परिणामी रुग्ण दुसरा इको टाळतो, औषधांची मात्रा तशीच राहते, आणि यंत्राचा निर्णय वर्षापूर्वीच्या जुन्या कागदावर होतो.

यंत्र बसविण्याचे केंद्र प्रत्येक तालुक्यात असावे, अशी मागणी कोणी करणार नाही. ते कौशल्य अनुभवाने येते आणि अनुभवासाठी रुग्णसंख्या लागते. ती केंद्रे मुंबईत असणे योग्यच. पाहणी मात्र रुग्णाच्या दारापाशी यावयास हवी. महापालिकेच्या रुग्णालयात आणि जिल्ह्यातील उपजिल्हा रुग्णालयांत ठराविक वारी इकोची सोय, ती चालविणारा प्रशिक्षित मनुष्य, आणि काढलेली चित्रे मुंबईच्या शिक्षण-रुग्णालयातील तज्ज्ञाकडे पाठविण्याची व्यवस्था, एवढे झाले तरी निम्मा प्रवास वाचेल. टंकलेला अहवाल पाठवून भागत नाही; मूळ चित्रे गेली पाहिजेत, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही. गोव्यात २०१८-१९ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘स्टेमी गोवा’ प्रकल्पाने झटक्याच्या बाबतीत हेच केले. गावच्या आरोग्य केंद्रात ईसीजी, त्याचे वाचन दूरच्या तज्ज्ञाकडून, प्राथमिक उपचार जागेवर आणि पुढील उपचार बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात. राज्य लहान आहे हे खरे. पण वसई तालुकाही काही खंडप्राय नाही.

येथे कायद्याची एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. इकोचे यंत्र ध्वनिलहरींवर चालत असल्याने १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कक्षेत येते, आणि २०१२ च्या नियमदुरुस्तीने ने-आण करण्याजोग्या यंत्रांवर कडक बंधने आहेत. ज्या राज्यात २०११ मध्ये हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, तेथे ही बंधने सैल करा असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. परंतु इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाला त्याच नियमांत वाट ठेवलेली आहे. जव्हार-मोखाड्यासाठी ती वाट वापरता येईल.

दुसरी सुधारणा योजनेच्या रचनेत हवी. २०१२ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. २०२३ च्या निर्णयाने तिचे संरक्षण कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत वाढवून ते सर्व कुटुंबांना लागू करण्याचे ठरले. रक्कम वाढली हे चांगलेच झाले. आता त्या रकमेला अट जोडावी. हृदयात बसविण्याच्या महाग यंत्राचे पैसे देताना ईसीजीची रुंदी, औषधांपूर्वीचा आणि नंतरचा असे दोन इको, तार कोठे बसली याचे चित्र आणि सहा महिन्यांनंतरची तपासणी यांची नोंद मागावी. या पाहणीचे पैसे योजनेनेच द्यावेत, रुग्णाच्या खिशातून नव्हे. शेवटचा हप्ता सहा महिन्यांच्या तपासणीनंतरच मिळावा. यंत्र बसविले की काम संपले, हा समज त्यावाचून जाणार नाही.

कुपोषणाच्या जिल्ह्यात?

या सूचनांवर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. ज्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ मध्ये महाराष्ट्राला हादरविले, त्याच आजच्या पालघर जिल्ह्यात लाखांची यंत्रे आणि एमआरआय यांची भाषा शोभते काय? हाच पैसा पोषण आणि बाळंतपणाच्या सेवेवर का खर्च करू नये?

आक्षेपातील तळमळ मान्य करूनही उत्तर द्यावे लागेल. पोषणाचा हक्क पहिला, याविषयी वाद नाही. परंतु हृदयाच्या यंत्रांवर सरकारी पैसा आजही खर्च होत आहे आणि होत राहील; प्रश्न एवढाच आहे की तो डोळे उघडून व्हावा की मिटून. ज्या जिल्ह्याकडे पैसा कमी, त्यालाच तो वाया घालविणे सर्वांत कमी परवडते. शिवाय इकोची सोय एका रोगापुरती राहत नाही. संधिवाती तापाने झडपा खराब झालेली शाळकरी मुलगी आणि बाळंतपणानंतर धाप लागलेली आदिवासी स्त्री यांचेही निदान त्याच खोलीत, त्याच हातांनी होते. तीन तारांचा पेसमेकर एका रुग्णाचा असतो. नीट पाहणारा डोळा साऱ्या तालुक्याचा असतो.

पहिला पेसमेकर शरीरात बसविल्याला, १९५८ पासून, सहा दशके लोटली. त्या पहिल्या स्वीडिश रुग्णाने आयुष्यात अशी दोन डझनांहून अधिक यंत्रे वापरली आणि तो २००१ पर्यंत जगला. प्रत्येक यंत्रामागे त्याला पुन्हा पुन्हा तपासणारे कोणीतरी होते, हे त्या दीर्घायुष्याचे अर्धे रहस्य आहे. वसई-विरारच्या रुग्णाला उद्या यंत्र मिळेल, कदाचित स्वस्तही मिळेल. त्याला तपासणारे कोण असेल, ते आज ठरवावयास हवे. पुढच्या वेळी चौकशीला गेलेल्या माणसाने ‘पंपिंग किती’ एवढेच न विचारता ‘दुसरा इको कधी केला, आणि तो कोणी पाहिला’ असे विचारले, तरी सुधारणेची सुरुवात झाली असे म्हणता येईल.